सर्वकाळचे पाच आणि मी

टँकर गल्लीच्या तोंडाशी वळला की त्याच्या आवाजाआधी वास पोचतो. मागच्या नळीतून ठिबकणारं पाणी तापलेल्या धुळीवर पडतं, धूळ क्षणभर दचकते आणि मग आपला वास सोडते. नांदेडच्या आमच्या गल्लीत यंदा पुन्हा टँकर सुरू झाला, तेव्हा बाकीचे घागरी घेऊन पळाले आणि मी बादली हातात धरून जागच्या जागी उभा राहिलो. कारण त्याच वेळी शेजारच्या अंगणात कुणीतरी भांडी विसळलेलं पाणी फेकलं होतं. तापलेली माती, साबण आणि त्यात मेथीच्या भाजीचा जरासा अंश. हे तीन वास एकत्र मला आयुष्यात एकाच ठिकाणी भेटले होते. लातूरच्या एका मातीच्या बास्केटबॉल कोर्टावर, ज्या वर्षी जिल्हा नवा झाला आणि पाऊस रुसला.

"ओ सर, नंबर गेला की तुमचा!" शेजारीण ओरडली.

बायको वरून बघत होती. "एवढा कशाचा विचार करून राहिलात?"

"बास्केटबॉलचा," मी खरं ते सांगितलं.

ती खाली आली आणि तिनं माझ्या हातातली बादली काढून घेतली. लग्न झाल्यापासून ती माझ्या हातातून वस्तू अशाच काढून घेत आली आहे आणि बहुतेक वेळा तिचंच बरोबर असतं.

मातीच्या कोर्टाला पाणी लागतं. सिमेंटवर खेळलेल्यांना हे समजायचं नाही. रोज पाणी शिंपडायचं, रूळ फिरवायचा, फक्कीनं रेषा मारायच्या, तेव्हा कुठं बॉल जमिनीवरून सरळ वर येतो. नाहीतर तो भुसभुशीत मातीत आपटतो आणि थकलेल्या म्हशीसारखा तिथंच बसतो. त्या उन्हाळ्यात लातूरला प्यायलाच पाणी नव्हतं, कोर्टाला कुठून येणार? आमचे कादरी सर शाळेत पीटी घ्यायचे आणि संध्याकाळी आम्हाला खेळवायचे. त्यांनी फर्मान काढलं : ज्याला खेळायचंय त्यानं घरून एक बादली सांडपाणी आणायचं. भांड्यांचं, धुण्याचं, अंघोळीचं, कसलंही चालेल. "बादली नहीं तो बॉल नहीं," सर म्हणायचे, आणि त्यात सूट नव्हती.

मग ऊन कललं की गल्ल्यागल्ल्यांतून उंचेली पोरं गढूळ पाण्याच्या बादल्या हिंदकळत निघायची. लोक दारात येऊन बघायचे. कोणाच्या घरी काय शिजलं ते कोर्टाच्या वासावरून कळायचं. आमचा कॅप्टन शेषेराव, त्याच्या घरी बहिणीचं लग्न झालं त्या आठवड्यात फ्री थ्रोच्या रेषेला जिलबीच्या पाकाचा वास येत होता आणि मुंग्यांनी तिथं मुक्काम ठोकला होता. फ्री थ्रो घेताना माणूस एका जागी उभा राहतो. शेषेरावचे त्या आठवड्यातले सगळे फ्री थ्रो चुकले.

मी उदगीरकडच्या एका खेड्यातला, शिकायला लातूरला मावशीकडं होतो. मावशीच्या परसात एक दोडक्याचा वेल होता आणि भांड्यांचं पाणी ही त्या वेलाची मालमत्ता होती. रोज संध्याकाळी मी ते पाणी उचललं की मावशी वेलाच्या वतीनं भांडायची. एक दिवस भांडण टाळावं म्हणून ती देवळात गेल्याचं बघून मी घाईघाईनं मोरीजवळची बादली उचलली, पळत सुटलो आणि कोर्टाच्या मधोमध ऐटीत ओतली. सर वाकले, त्यांनी ओल्या मातीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"दिगंबर, ये पानी इतना साफ कैसा रे?"

ते गाळून, तुरटी फिरवून ठेवलेलं प्यायचं पाणी होतं. दोन दिवसांचं. मावशीनं मला मारलं नाही. तिनं फक्त रात्रीच्या जेवणाला ताटाशेजारी रिकामा तांब्या ठेवला आणि समोर बसून मला पिठलं-भाकरी खायला लावली. कोरडं पिठलं घशात अडकलं की काय होतं ते मला त्या दिवशी समजलं.

आता गौतम. त्याच्याबद्दल लिहायचं मी टाळत होतो, पण हा लेख त्याच्याशिवाय पुढं सरकणार नाही. तेव्हाचा आमचा संघही सरकत नव्हता.

गौतम देवणीकडचा. वडील सालगडी होते, हा वसतिगृहात राहून शिकत होता. उंची अशी की वसतिगृहाच्या दाराची चौकट त्याच्या कपाळावर कायमची उमटलेली. एका हातात बॉल असा उचलायचा, जसा आपण पेरू उचलतो. उडी मारली की वर गेल्यावर थोडा थांबायचा, म्हणजे आम्हाला तसं वाटायचं. खाली यायची घाईच नाही. अंघोळ तो पत्र्याच्या टबात उभा राहून करायचा आणि तेच पाणी बादलीत भरून आणायचा. त्याच्या गावात त्याच्या वस्तीची विहीर वेगळी होती. माझ्या गावातही तसंच होतं. कोर्टावर मात्र त्याच्या अंघोळीचं आणि माझ्या मावशीच्या भांड्यांचं पाणी एकाच मातीत जिरायचं आणि त्याच मातीनं आम्ही सगळे गुडघे माखून घ्यायचो. मावशीला हे कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी तिला आधी दोडक्याचंच दुःख झालं असतं.

माझ्याकडं हैदराबादचे बूट होते. पांढरे, घोट्यापर्यंत येणारे, मामांनी आणलेले. गौतम अनवाणी खेळायचा. माझी अशी कल्पना होती की बघणारे बुटांकडं बघतील. कुणीही बघितलं नाही. जो तो म्हणायचा, "काय पाय हायत त्या पोराचे! तव्यावर चालल्यावानी पळायलंय, आन् हूं की चूं न्हाई." माझे नवेकोरे बूट कुणाला दिसले नाहीत आणि त्याचे भेगाळलेले पाय सगळ्या लातूरनं बघितले. त्या दिवशी मला कळलं की जळफळाट ही गोष्ट पोटात होत नाही, तळपायाला होते. बुटांच्या आत.

शिवाय तो बढाई मारायचा नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा दोष. बढाई मारणाऱ्याचा मत्सर करणं सोपं असतं, चारचौघं साथ देतात. गौतमचा मत्सर मला एकट्यालाच करावा लागला. मावशीसुद्धा फितूर. तो एकदा घरी आला, तर मावशीनं त्याला उंबऱ्याबाहेर नाही, आत बसवलं आणि ताकाचा पेला दिला. मला अभिमान वाटायला हवा होता. मला दिसलं ते एवढंच की ताकावर लोणी तरंगत होतं. माझ्या ताकावर कधी तरंगलं नव्हतं.

बास्केटबॉलमध्ये पाच जण खेळतात आणि बाकीचे बाकावर बसतात. मी सहावा. बाक म्हणजे खरं तर शाळेतलं मोडकं डेस्क. त्यावर बसून मी त्या वर्षी एकच प्रार्थना केली : गौतम थकू दे. पाय मुरगळू दे असं नाही, तेवढा मी वाईट नव्हतो; नुसता थकू दे. तो थकला नाही. घामानं निथळायचा, छाती भात्यासारखी हलायची, सर विचारायचे, "बस्स क्या गौतम?" आणि तो माझ्याकडं एकदा बघून मान हलवायचा. नाही. ते बघणं मला त्या काळी फार लागायचं. मला वाटायचं, तो मला कमी लेखतोय.

ऑगस्टात उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा झाला, तेव्हा पेढे वाटले गेले. जिल्ह्याला कलेक्टर मिळाले, एसपी मिळाले, नवे शिक्के मिळाले. जर्सी मिळाल्या नाहीत. आम्ही आदल्या वर्षापर्यंत उस्मानाबाद जिल्ह्याच्या संघातून खेळत होतो आणि आमच्या निळ्या जर्सीवर छातीभर 'उस्मानाबाद' लिहिलेलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात नांदेडला विभागीय स्पर्धा लागली आणि पहिलीच मॅच पडली उस्मानाबादशी. सरांनी शिंप्याकडून पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या आणल्या, त्यावर 'लातूर' लिहून छातीवर टाके घालून घेतले. मैदानात उतरलो तर समोर तेच निळे, आणि आमच्यात आणि त्यांच्यात फरक एका पट्टीचा.

नांदेडचं ऊन त्या दिवशी असं होतं की गोदावरीच्या पात्रात डबकी राहिली होती आणि डबक्यांत म्हशी राहिल्या होत्या, पाणी बहुधा नव्हतं. घामानं पट्ट्यांचे टाके उसवत गेले. हळूहळू लातूर गळून पडत होतं आणि आतून उस्मानाबाद वर येत होतं. शेषेराव फाउल करून करून बाहेर गेला. सरांनी डोळे मिटले, एक श्वास घेतला आणि मला आत पाठवलं. आम्ही एका गुणानं पुढं होतो. वेळ संपत आली होती आणि बॉल माझ्या हातात आला. काही करायचं नव्हतं. नुसता धरून उभं राहायचं होतं. हे काम दोडक्याच्या वेलालासुद्धा जमलं असतं.

"दिग्या! इकडं!"

तो बाळ्याचा आवाज होता. आदल्या वर्षी मी आणि बाळ्या उस्मानाबादच्या बाकावर मांडीला मांडी लावून बसलेलो. एकाच पुड्यातले शेंगदाणे खाल्लेले. तो निळा दिसला, हाक ओळखीची आली, आणि माझ्या हातांनी मला न विचारता बॉल त्याला दिला. फार सुंदर पास होता तो. आयुष्यात तेवढा अचूक पास मी पुन्हा दिला नाही. बाळ्याचाही गोंधळ उडाला असावा, कारण बॉल हातात आल्यावर तो क्षणभर माझ्याकडं बघून हसला. मग त्यानं आमची मॅच संपवली.

सर एवढंच म्हणाले, "जिल्हा कागज पे अलग हुआ. इसके भेजे में अभी नहीं हुआ."

आणि गौतम? तो माझ्या शेजारी येऊन बसला, आपल्या वाट्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला आणि म्हणाला, "हुतं आसं." त्यानं मला एक सणसणीत शिवी दिली असती तर मी त्याला तिथल्या तिथं माफ केलं असतं.

आमच्याकडं दुष्काळाची तुलना करायची फार हौस. मावशी आमच्या दुष्काळाला दुष्काळ मानायचीच नाही. "बहात्तरला आमी सुकडी खाऊन दीस काढले. लाल मिलो ज्वारीची भाकर. खडी फोडून हातांची सालटी निघाली. तुमचा ह्यो कसला दुष्काळ, तुमी तर चेंडू खेळायलाव!" पुढं लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा आम्ही त्या वेळच्या पोरांना म्हणालो, तुम्हाला काय, पाणी गाडीत बसून येतंय, आम्ही बादल्या वाहिल्या. आता ती पोरं यंदाच्या पोरांना मोबाइलवर टँकरची वेळ बघताना पाहून नाक मुरडतात. आपला दुष्काळ सगळ्यात मोठा असावा, आपलं दुःख कुणाच्या दुःखापुढं हरू नये, ही काय ओढ असते देव जाणे. संघांचंही तेच. आपल्या वेळचं खेळणं म्हणजे खेळणं, नंतरचा सगळा पोरखेळ.

शेषेरावनं जुन्या खेळाडूंचा मोबाइलवर ग्रुप काढला आहे. त्यावर सकाळी गुलाबाची फुलं येतात आणि दुपारनंतर भांडणं. विषय कायम एक : कोणत्या काळचा संघ कोणाला हरवेल? कादरी सर स्वतः तरुणपणी खेळले ते जुने लोक, धोतर नेसलेले पंच आणि चामड्याचा जड बॉल. मग आम्ही, सांडपाण्याच्या कोर्टावरचे. मग सिमेंटच्या कोर्टाची पोरं. आणि आत्ताची, काचेच्या बोर्डाची, पत्र्याच्या छताखाली खेळणारी. आमचा संघ त्यांच्या गुळगुळीत कोर्टावर घसरून पडेल का? त्यांचा संघ आमच्या मातीत तोंड वासून बसेल का? पाणी प्यायला दर थोड्या वेळानं थांबतात म्हणे ती! एकदा शेषेरावनं आणखी नवं काढलं : आमच्या वेळी तीन गुणांची रेषाच नव्हती, तेव्हा गौतम लांबून टाकायचा ते सगळे बॉल आजच्या नियमानं मोजा. म्हणजे बघा, खेळणं सोडून माणूस आजोबा झाला, तरी गौतमचे गुण वाढतच चाललेत. माझे कमी व्हायला मुळात नाहीत, एवढंच समाधान.

माझं नाव या चर्चेत एकाच वेळी निघतं. कुणीतरी विचारतो, दिगंबररावांना कोणत्या संघात घ्यायचं? आणि शेषेराव लिहितो, "उस्मानाबादच्या!" मग हसून रडणाऱ्या पिवळ्या तोंडांचा पाऊस पडतो. मराठवाड्यात पडणारा तेवढा एकच भरवशाचा पाऊस.

हे मी मुकाट्यानं सोसत होतो. पण मागच्या महिन्यात बातमी आली की आमच्या त्या जुन्या मैदानावर पक्कं कोर्ट होतंय, आणि शेजारच्या भिंतीवर आजवरच्या पाच सर्वोत्तम खेळाडूंची चित्रं रंगवायची आहेत. सर्वकाळचे पाच. चेहऱ्यासकट, नावासकट. त्या दिवसापासून मला झोप नाही. या वयात माणसाला काय हवं असतं? गुडघे बरे, साखर ताब्यात. मला भिंत हवी होती. निदान एकदा बाक सोडून मला भिंतीवर जायचं होतं.

सरळ मार्गानं जमणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं. मग मी जिल्ह्यापासून धडा घेतला. मोठ्या जिल्ह्यात ज्याला खुर्ची मिळत नाही तो नवा जिल्हा मागतो. आमच्या उदगीरचे लोक किती वर्षं जिल्हा मागतायत, त्यांना विचारा. मी काळाचे तुकडे पाडायला घेतले. ग्रुपवर लिहिलं : सगळे काळ एकत्र करणं अन्याय आहे, प्रत्येक काळाचे वेगळे पाच घ्या. कुणी ऐकेना. मग लिहिलं : निदान दुष्काळातल्या खेळाडूंचा वेगळा संघ. मग : दुष्काळातला, नव्या जिल्ह्याचा, उन्हाळी संघ. मग त्यातही फक्त बूट घालून खेळणारे. शेषेरावचं उत्तर आलं, "दिगू, आणखी एक तालुका पाड. म्हंजी तू एकटाच उरतूस. पाचीच्या पाची तूच."

शेवटी ठरलं की कादरी सर सांगतील ते पाच. सर आता देगलूरला लेकीकडं असतात. त्यांच्याकडं कोण जाणार? गौतम म्हणाला, मी जातो. मी म्हणालो, मीपण. त्याला एकट्याला सरांपाशी सोडायची माझी तयारी नव्हती.

गौतम पाणीपुरवठ्यात इंजिनियर होता, आता रिटायर. लातूरहून गाडी घेऊन नांदेडला आला. माझ्या बायकोनं त्याला चहा दिला आणि वर म्हणाली, "भावजी, तुम्ही किती सडपातळ राहिलात हो!" मी पोट आत घेतलं. देगलूरपर्यंत दोन्ही बाजूला उन्हानं पांढरी पडलेली रानं, मधूनच एखादी हिरवी बाभळ. मी गाडीत प्रचार सुरू केला.

"गौत्या, तुला काय वाटतं, खेळात संयम महत्त्वाचा, का उड्या?"

"संयम."

"मग बाकावर बसण्याइतका संयम कुणात होता?"

तो हसला. "दिगू, तुला भिंतीवर यायचंय का?"

"छे!" मी म्हणालो. "मी आपला तत्त्वाचं बोलतोय."

सर ओट्यावर खुर्चीत बसले होते. पांढरी दाढी, गुडघ्यांवर टॉवेल. आतून त्यांची नात फोनवर कुणाशीतरी तेलुगूत भांडत होती. सरांची नजर अधू झाली आहे. त्यांनी गौतमला ओळखलं ते दारात वाकलेल्या सावलीवरून. मला ओळखलं आवाजावरून.

"कौन, दिगंबर? अरे, वोइच क्या, उस्मानाबादवाला?"

"लातूरवाला, सर," मी म्हणालो.

चहा आला. गौतमनं भिंतीची सगळी हकिगत सांगितली. सरांनी डोळे मिटून ऐकली आणि जराही वेळ न लावता पाच जण सांगून टाकले. दोन त्यांच्या तरुणपणातले, ज्यांची आम्ही नुसती नावं ऐकलेली. एक सिमेंटच्या कोर्टाचा. एक आत्ताची पोरगी, लातूरचीच. तिचा खेळ नात त्यांना मोबाइलवर डोळ्यांजवळ धरून दाखवते म्हणे. "वो लडकी हवा में रुकती," सर म्हणाले. आणि आमच्या काळातला एक, गौतम.

म्हाताऱ्यांकडून हरलो असतो तर चाललं असतं. नातीच्या वयाच्या पोरीनंही माझी जागा घेतली होती आणि तिला त्याचा पत्तासुद्धा नव्हता. मी शेवटचा डाव टाकला.

"सर, समजा, प्रत्येक काळाचा वेगळा संघ केला तर? दुष्काळातला वेगळा, सिमेंटचा वेगळा, असा. तर मी कुठं?"

सरांनी गंभीरपणे विचार केला. "दुष्काळवाले में, तू बाकावर."

"हाव. आणि सिमेंटवाल्यांत?"

"बाकावर."

"तुमच्या वेळच्या संघात?"

"उसमें भी बाकावर. और आज की टीम में भी." मग खुर्चीत पुढं सरकून म्हणाले, "हसू नको. मजाक नहीं कर रहा. पाच खेळाडू कहीं भी मिलते. सहावा मिलत नाही. सहावा ऐसा होना कि उसके आँख में आग होना. तू बैठता था तो ऐसा देखता था गौतम को, जैसे बिल्ली दूध को. मैं क्या अंधा था? तब तो नहीं था. तुझा डर होता म्हणून हा पळायचा."

मी गौतमकडं बघितलं. तो चहात बघत होता.

"खरं हाय," तो म्हणाला. "पाय भाजायचे, दम लागायचा, वाटायचं बसावं खाली. मग तू दिसायचास. बुटाच्या नाड्या घट्ट बांधून तयारच. मी एकदा बसलो असतो तर तू परत उठू दिलं नसतंस मला. वसतिगृहातलं पोरगं मी, मला एकच जागा मिळाली हुती, दिगू. ती सोडायचं भ्याव वाटायचं."

म्हणजे ते बघणं मला कमी लेखणं नव्हतं. तो भीत होता. मला! हैदराबादच्या बुटांना निदान एका माणसानं तरी नीट बघितलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता आणि झालाही, चांगला घोटभर. पण लगेच दुसरा विचार आला : म्हणजे माझा एवढ्या वर्षांचा जळफळाटसुद्धा याच्याच कामी आला! मी जळलो आणि हा धावला. माझ्या तळपायाची आगही भिंतीवर त्याच्याच चेहऱ्यानं झळकणार. याहून मोठी लूट आमच्या भागात कुणी केली नसेल.

तेवढ्यात त्यानं कहर केला. "सर," गौतम म्हणाला, "माझ्या जागी दिगूचं चित्र काढू द्या. मला काय, माझं झालं सगळं."

खरं सांगतो, मी 'नको' म्हणायला तोंड उघडलं होतं. उघडलं आणि तसंच ठेवलं. सर काय म्हणतात ते आधी बघावं म्हटलं.

"चूप," सर म्हणाले. "दीवार क्या तुझ्या शेतातली आहे, वाटून द्यायला?"

मी तोंड मिटलं.

ऊन ओट्यावर चढत आलं, निघायची वेळ झाली. गौतम पाया पडायला वाकला तर सरांनी त्याचा उजवा हात धरला. मनगट चाचपलं, तळवा उलटा करून बघितला, बोटं एकेक दाबली. डोळ्यांनी दिसत नव्हतं ते सगळं बोटांनी बघत बराच वेळ बसले. "हात अजून तोच आहे रे," ते म्हणाले, आणि मग कुठं हात सोडला.

मी वाट बघितली. मग मीही वाकलो, आणि वाकताना माझा उजवा हात जरा जास्तच पुढं केला. तळवा वर. बोटं पसरून.

सरांनी चाचपडत खुर्चीखालचा आपला रिकामा कप उचलला आणि माझ्या हातात ठेवला. "आत दे दे बेटा. फूट जाता यहाँ."

मी कप घेऊन आत गेलो. मोरीत एका तपेलीत पाणी होतं, त्यातलं थोडं घेऊन कप विसळायला लागलो. एवढ्यात बाहेरून हसण्याचा आवाज आला. सर हसत होते, आणि गौतम, जो कधी मोठ्यानं हसत नाही, तो मोठ्यानं हसत होता. दोघंच. माझ्याशिवाय.

कशावर हसतायत ते निसटू नये म्हणून मी कप अर्धवटच विसळून ठेवला आणि ओल्या हातांनी बाहेर पळालो.